कायद्याबाहेरच्या दोन सीट्या

रोडगे करायचे ठरले मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी घरात दोन तट पडले.

भांडण रोडग्यांचं नव्हतं. पौषातल्या शेवटच्या शनिवारी, रुळापलीकडच्या वावरात, सव्वा पायली कणकेचे रोडगे हे या घरात अकरा वर्षं चुकलं नव्हतं. भांडण जागेचं होतं. पंजाबराव म्हणत होते, यंदा रोडगे घरी, आंगणात. त्यांच्या थोरल्या भावजय मनकर्णाबाई म्हणत होत्या, वावरातच. आणि ज्यांच्यापायी हे सगळं चाललं होतं ते किसनराव ओसरीवर खांबाला पाठ लावून बसले होते आणि काहीच म्हणत नव्हते. गेला सव्वा महिना ते काहीच म्हणत नव्हते. जेवायला बोलावलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. नवऱ्याचं हे शहाण्यासारखं वागणं मनकर्णाबाईंना बघवत नव्हतं.

"वहिनी, दादाले त्या रुळाजवळ नेनं म्हंजे दुखण्याले आवतन देनं हाये," पंजाबराव म्हणाले.

"मंग बंडीतून नेऊ. बंडीले तं डोळे हायेत ना, बैलाईचे चार?"

"हसण्यावारी नोका नेऊ. वावर मक्त्यानं द्याचं, दादानं घरी बसाचं. ठरलं हे."

"कोनं ठरवलं?"

"मी."

हे 'मी' म्हणताना पंजाबरावांचा आवाज फाटला, आणि मनकर्णाबाईंचा राग येता येता राहिला. त्या दिवशी रुळाच्या गिट्टीतून भावाला उचलून आणलं होतं ते याच माणसानं. कपाळातून रक्त गळणारा थोरला भाऊ खांद्यावर घेऊन ते अर्धा कोस धावले होते, आणि घरी पोचल्यावर आधी रडले ते तेच. तेव्हापासून दादा ओसरीवरून उठले तरी यांचा जीव वरखाली होई. पंजाबराव दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. दुष्ट माणसाला दोन शब्द सुनावता येतात. घाबरलेल्याला काय सुनावणार?

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात किसनरावांच्या डोळ्यांतला उजेड गेला. आधी कडेकडेनं अंधारलं, मग मधोमध. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि स्वतःचेच डोळे खाली घातले. घरानं मान्य केलं, गावानं मान्य केलं, मान्य केलं नाही ते एकट्या किसनरावांनी. सहा महिन्यांनी एके सकाळी त्यांनी काठी उचलली आणि वावराची वाट धरली.

वावर रुळापलीकडं होतं. खामगावाहून जलंबला जाणारी गाडी तिथून जाई. लोक त्या जागेला फाटक म्हणत, पण फाटक असं तिथं काही नव्हतं. दोन अंगांना दोन खांब, मधून बंडीवाट, अलीकडं एक वाकडी बाभूळ आणि पलीकडं निंबाखाली शेंदूर फासलेला मारुती. त्या पहिल्या दिवशी मनकर्णाबाईंनी घरी देवापुढं पदर पसरला. 'मारुतीराया, यांना रुळावरून सुखरूप ने-आण कर. दर साली तुझ्या पायाशी सव्वा पायलीचे रोडगे करीन.'

मारुतीनं शब्द पाळला. अकरा वर्षं किसनराव एकटे गेले, एकटे आले. पऱ्हाटी ते हातानं चाचपून वेचत आणि त्यांच्या कापसात पाल्याचं चिटूक सापडत नसे. सोजराबाई, म्हणजे पंजाबरावांची बायको, आपल्या या थोरल्या दिराकडं बोट दाखवून बायांना म्हणे, "डोळेवाल्यायनो, जरा भासऱ्यापासून शिका."

मनकर्णाबाईंची तेव्हापासून एक सवय झाली होती. सकाळी दहाच्या सुमाराला गाडीची सीटी घरात ऐकू येई. आधी एक लांब, मग दोन बारक्या. त्या दोन बारक्या वाजल्या की त्या पहिली भाकर तव्यावर टाकत. कोंबडा जसा आरवतो तशी गाडी वाजते, एवढीच त्यांची समजूत. घड्याळ घरात होतं, पण त्याला चावी द्यायची कुणाला आठवण नसे. गाडीला चावी द्यावी लागत नाही.

दिवाळीनंतर त्यांची भाकर चुकू लागली. लांब सीटी येई, बारक्या येत नसत. कान म्हातारे झाले असतील, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आणि मार्गशीर्षात ते घडलं. उत्तरेचं वारं होतं. खामगावाकडून येणारी गाडी उताराला लागली की वाफ बंद करून आवाज न करता घरंगळत येते. किसनराव बाभळीपाशी किती वेळ उभे राहिले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडी गेली असावी असं समजून त्यांनी पाऊल टाकलं. इंजिनानं हातातली काठी नेली, माणूस ठेवला. काठीचे दोन तुकडे पंजाबरावांनी घरी आणले आणि कोनाड्यात ठेवले. नवी काठी कुणी आणायची नाही, असा त्यांनी घरात हुकूम काढला.

*

खरी गोष्ट मनकर्णाबाईंना कळली ती सोमवारी, मुलाकडून. इंद्रभान खामगावच्या एका सरकीच्या कारखान्यात लिहायच्या कामाला होता आणि रोज त्याच गाडीनं येई-जाई. बाप पडल्यापासून तो गार्डाशी बोलत नव्हता. सोमवारी बोलला, म्हणजे भांडला.

"माय, म्या त्याले म्हटलं, सीटी काऊन नाई वाजवली? तो म्हणे, वाजवली. फाटकाच्या अलीकडं पाटी हाये ना, 'सी-फा' लिव्हलेली? सीटी-फाटक. तिथी एक लांब सीटी द्या लागते, ते दिली. कायद्यात तेवढीच हाये."

"अन् त्या दोन बारक्या?"

"मी तेच इचारलं. तं तो हासला. म्हणे, त्या कायद्यातल्या नव्हत्याच. त्या तुळशीराम ड्रायव्हरच्या होत्या. बाभळीखाली एक आंधळा मानूस रोज उभा राहे, त्याच्यासाठी पाटीपुढं येऊन तो दोन वाजवे. मंग तो मानूस काठी वर करे. काठी दिसली की ड्रायव्हर म्हणे, 'चला, दादानं ऐकलं.' अकरा वर्षं, माय. दिवाळीले तो रिटायर झाला. शेगावले रायते आता."

मनकर्णाबाईंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. अकरा वर्षं त्या ज्याच्यावर भाकर टाकत आल्या, तो काही कोंबडा नव्हता. कुणीतरी रोज दहा वाजता त्यांना सांगत होतं की, बाई, तुझा माणूस सुखरूप आहे. आणि त्या नुसती भाकर भाजत होत्या.

"इंद्रभान," त्या म्हणाल्या, "उद्या शेगावले जाय. हळदी-कुकवाच्या अक्षता घेऊन जाय. लग्नाचं आवतन देतेत तसं दे. अन् घरी कोनाले सांगू नोको. तुह्या काकाले तं मुळीच नाई."

*

पण घरात एकटीनं गुपित पाळणं म्हणजे एका हातानं टाळी वाजवणं. गुरुवारी कणीक चाळताना मनकर्णाबाईंनी सोजराबाईंना सगळं सांगितलं. सोजराबाई नवऱ्याच्या तटातल्या. पण त्या तटात बसून त्यांना एका दिवसातच कंटाळा आला होता.

ऐकून झाल्यावर सोजराबाईंनी चाळणी खाली ठेवली. आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम हसायलाच लागल्या. "बाई, म्हंजे काम केलं ड्रायव्हरनं अन् रोडगे खाल्ले मारुतीनं! अकरा वर्षं!"

"हळू बोल वो. देवाले ऐकू जाईल."

"जाऊ द्या. त्याले तं पयल्यापासून माईत असंल. चूपचाप खाल्ले त्यानं." मग त्या गंभीर झाल्या. "पन बाई, ड्रायव्हर रिटायर झाला. आता काय? हे बरोबरच म्हणून राह्यले ना? भासऱ्याइले काई झालं तं?"

नवऱ्याला वावरात पाठवावं असं मनकर्णाबाईंनाही छातीवर हात ठेवून म्हणवत नव्हतं. रात्रंदिवस त्यांना तो मोडक्या काठीचा तुकडा दिसे. पण ओसरीवरचा तो गप्प माणूसही दिसे, आणि दोन्हींत जास्त भीती कशाची वाटते हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. "मले फकस्त आभार मानाचे हायेत त्या मानसाचे," त्या म्हणाल्या. "वावरातच मानाचे हायेत. पुढचं पुढं."

"मंग वावराचं माह्यावर सोडा."

सोजराबाईंनी ते कसं केलं याची ऐकीव गोष्ट अशी की, त्यांनी नवऱ्याला जेवताना सहज विचारलं, "मारुतीले घरी कोन आननार हाये? उपटून आना लागंल ना. नवस तं त्याच्या पायापाशी बोलेल हाये." पंजाबरावांचा घास हातात राहिला. नवसापुढं त्यांचं काही चालेना. तरी त्यांनी अट घातली. दादा बंडीतून येणार, बंडीतून जाणार, रुळाजवळ पायी एक पाऊल नाही. आणि रोडगे खाऊन झाले की तिथंच, सगळ्यांच्या देखत, वावर मक्त्यानं द्यायचं ठरवून टाकायचं.

*

शनिवारी सकाळीच पंजाबरावांनी निंबाजवळ गोवऱ्या रचल्या. बाकी कशात नसो, पण रोडगे भाजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. जाळ सगळा बसू द्यायचा, निखाऱ्यावर राख धरू द्यायची, मग गोळे आत घालून वरून फुफाटा ओढायचा. तिकडं वांग्याची भाजी तेलात रटरटत होती आणि वरणाला उकळी आली होती. किसनराव बंडीच्या सावलीत घोंगडीवर बसले होते. मनकर्णाबाईंनी पाहिलं, त्यांनी हळूच हात लांबवून धुऱ्यालगतचं पऱ्हाटीचं एक झाड चाचपलं. एक फुटलेलं बोंड राहून गेलं होतं. त्यांनी तो कापूस काढला आणि मुठीत धरून ठेवला.

बारा वाजता इंद्रभान धुऱ्यावरून येताना दिसला. त्याच्याबरोबर एक ठेंगणा, जाड माणूस होता. बंद गळ्याचा कोट, धोतर, गळ्याला मफलर. कपाळावर आणि हातांवर भाजल्याचे जुने डाग.

"हे कोन बे?" पंजाबरावांनी पुतण्याला विचारलं.

इंद्रभाननं आईकडं पाहिलं. आईनं पदर सावरला. पण तो माणूस कुणाकडंच बघत नव्हता. तो सरळ घोंगडीपर्यंत चालत गेला आणि किसनरावांपुढं थांबला. नमस्कार म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अकरा वर्षं रोज भेटलेल्या माणसाशी तो एकदाही बोलला नव्हता. आता आपण कोण म्हणून सांगायचं?

मग त्यानं ओठ आवळले आणि तोंडानं शीळ घातली. एक लांब. दोन बारक्या.

किसनराव उठून उभे राहिले. त्यांचा उजवा हात घोंगडीवर काठी शोधत फिरला, काठी नव्हती. तेव्हा त्यांनी रिकामा हातच वर केला, मुठीतल्या कापसासकट.

"ऐकलं," ते म्हणाले. सव्वा महिन्यातला त्यांचा हा पहिला आपणहून बोललेला शब्द. "ऐकलं बापा. तुमी जिते हाय?"

"जिवंत आहे, दादा. रिटायर झालो फक्त. मी तुळशीराम. मूळचा भुसावळचा."

"मले वाटलं तुमी गेले," किसनराव म्हणाले, आणि त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "दिवाळीपासून गाडी रोज जाऊन राह्यली, पन मले कोनी इचारून नाई राह्यलं. म्हटलं, मानूस गेला. कोनाले इचारू? नाव बी माईत नाई."

मनकर्णाबाईंना आत्ता समजलं की हा माणूस ओसरीवर सव्वा महिना कशासाठी गप्प होता. त्यांना वाटलं होतं मरणाचा धक्का बसला, वावर सुटलं. तो सोबत्याचं सुतक पाळत होता.

"म्हंजे दादा, तुले माईत होतं?" पंजाबराव निखाऱ्यांपाशीच उभे होते, हातात काडी. "त्या सीट्या कोनी मुद्दाम वाजवते हे?"

"पयल्याच वर्षी समजलं. ड्रायव्हर सुटीवर गेला की वाजे नाई. मंग म्या समजलो, हे गाडीचं नाई, मानसाचं हाये. त्या दिवशी मी गाडी पुरी जाऊ द्यायचो अन् मंग पाय टाकायचो. मी पडलो त्या दिवशी वाऱ्यानं पाटीवरची सीटी बी नेली."

"अन् आमाले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू मले वावरात येऊ देला असता?"

पंजाबरावांनी काडी निखाऱ्यात खुपसली.

*

पहिला रोडगा निघाला. फडक्यानं राख झटकून मनकर्णाबाईंनी तो फोडला, तूप ओतलं, ताट वाढलं आणि तुळशीरामांपुढं नेऊन ठेवलं.

"वहिनी! आधी मारुतीचा निवद!" पंजाबराव ओरडले.

"मारुती कोठी जाऊन नाई राह्यला, भाऊजी. पावना दुरून आला हाये."

"अकरा वर्षं आधी त्यालेच देलं," सोजराबाई म्हणाल्या. "एक साल मांगं राह्यला तं काई बिघडत नाई. त्याले बी माईत हाये काम कोनाचं." नवऱ्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की, तूसुद्धा? सोजराबाईंनी वांग्याची भाजी वाढली.

मनकर्णाबाई ताटापुढं वाकल्या आणि जमिनीला डोकं टेकलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमची सीटी ऐकून म्या अकरा वर्षं भाकर टाकली. मले वाटे गाडीच वाजते. माह्या कपायाचं कुकू तुमच्या हातात होतं अन् म्या कधी हात बी नाई जोडले. आज जोडते."

तुळशीरामांनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, तेव्हा सगळे चपापले.

"आधी माझं ऐका, मग वाढा," ते म्हणाले. "मी आभार घ्यायला नाही आलो. नवीन ड्रायव्हर येतो तेव्हा जुन्यानं त्याला बरोबर घेऊन रस्ता शिकवायचा असतो. उतार कुठं, वळण कुठं, कुठं गुरं आडवी येतात. मी तीन फेऱ्या त्याला शिकवला. सगळं सांगितलं, आणि दादांचं सांगायचं राहिलं. त्या तीन दिवसांत दादा बाभळीखाली नव्हते."

"ताप होता मले," किसनराव म्हणाले.

"माणूस दिसला नाही आणि मी विसरलो. अकरा वर्षं हात आपोआप दोरीवर जायचा, म्हणून सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नाही. मंगळवारी तुमच्या मुलानं अक्षता ठेवल्या आणि काठी मोडल्याचं सांगितलं, तेव्हापासून मला अन्न गेलं नाही. ही चूक माझी आहे."

मारुतीच्या निंबावर पोपटांचा गलका चालला होता.

"एक सांगू?" तुळशीराम म्हणाले. "तीस वर्षं सीटी वाजवली मी. सीटीचा अर्थ लोकांना एकच, बाजूला हो. बैल बुजले की शिव्या, पोर झोपेतून उठलं की शिव्या. आख्ख्या रस्त्यात माझ्या सीटीला उत्तर देणारा माणूस एकच होता. माझी बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आलो. दोन वाजवल्या, काठी वर झाली. त्या दिवशी मला कुणीतरी 'जेवलास का' विचारल्यासारखं वाटलं. उपकार म्हणाल तर असे आहेत. एका बाजूचे नाहीत."

किसनराव चाचपत पुढं सरकले, ताट त्यांच्या हाताला लागलं आणि त्यांनी ते उचलून पुन्हा पाहुण्यापुढं ठेवलं. "जेवा," ते म्हणाले. "काठी मोडली. मानूस नाई मोडला."

मग तुळशीराम जेवले, आणि चांगले जेवले. मारुतीचा नैवेद्य झाला, सगळ्यांची पानं उठली. पण पंजाबराव हात धुऊन परत आले ते कंबरेवर हात ठेवूनच. त्यांना पाहुण्याचा मान कळत होता. पण भाऊ त्याहून जवळचा होता.

"ड्रायव्हरसाहेब, तुमचे उपकार आमी जन्मात फेडनार नाई. पन मले एक सांगा. तुमी तं घरी बसले. आता दादासाठी कोन वाजवंल?"

"सकाळी येताना नव्या ड्रायव्हरला मी गाठलं. समजावून सांगितलं."

"काय म्हटलं त्यानं?"

तुळशीराम खोटं बोलले नाहीत. "बघू, म्हणाला."

"बघू!" पंजाबराव घरच्यांकडं वळून म्हणाले, म्हणजे वहिनीकडं. "घ्या. बघूवर माहा भाऊ रुळात पाठवू? चारची गाडी येते. तिची लांब सीटी तं वाजंलच. पुढच्या दोन वाजल्या तं दादानं उद्यापासून जावं, मी आडवा नाई येनार. नाई वाजल्या तं हे वावर मक्त्यानं, अन् मंग कोनी मले बोलाचं नाई. कबूल?"

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. किसनराव म्हणाले, "कबूल."

*

चार वाजायच्या आधीच बंडी रूळ ओलांडून अलीकडं आणली आणि सगळे बाभळीपाशी जमले. पंजाबरावांनी किसनरावांचा दंड धरून ठेवला होता, रुळापासून चांगला दहा हात लांब. तुळशीराम मात्र रुळाकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात एकसारखा उघडमीट करत होता. सोजराबाईंचे ओठ हलत होते. मारुतीला मागं ठेवल्याची त्यांना आता जरा भीती वाटत असावी.

लांब सीटी आली. पाटीची, कायद्याची.

मग काहीच नाही. घरंगळत्या डब्यांचा बारीक खडखडाट तेवढा वाऱ्याबरोबर येऊ लागला. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. आपण नवऱ्याला जिवंत ठेवायचं म्हणून ओसरीवर पुरलं, असं आता उरलेला जन्मभर वाटत राहणार, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. वळणावर धूर दिसला, मग इंजिन दिसलं.

आणि सीटी वाजली. एक बारकी. थोडं थांबून दुसरी, पण ही चुकून भलतीच लांबली, आणि शेवटी फाटली.

"हात नवा हाये," किसनराव म्हणाले. "बसंल हळूहळू."

तुळशीराम हसले आणि मफलरनं तोंड पुसलं. किसनरावांचा हात सवयीनं वर जायला लागला आणि रिकामा म्हणून अर्ध्यात थांबला. तेव्हा पंजाबरावांनी त्यांचा दंड सोडला. ते बंडीकडं धावले, गोणपाटाखाली हात घातला आणि एक काठी काढली. सरळ, तासून गुळगुळीत केलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. मोडक्या काठीएवढीच लांब. कुणी नवी काठी आणायची नाही असा हुकूम काढून स्वतःच ती कधी तासली ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"घे दादा," ते म्हणाले. "लौकर. उत्तर दे त्याले."

काठी वर गेली. इंजिनातून एक तरुण चेहरा बाहेर डोकावला, बाभळीखालची एवढी माणसं बघून गोंधळला, आणि मग त्यानंही हात केला.

गाडी गेल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "इंद्रभान, सोमवारी डब्यात रोडगे घेऊन जाय त्याच्यासाठी. अन् सांग, पुढच्या पौषात जेवाले या लागते. दर साली जो ड्रायव्हर असंल त्याले आवतन. बदलला तं नव्याले. जुन्याले बी."

"मारुती?" सोजराबाईंनी विचारलं.

"तो घरचाच हाये."

*

रविवारी सकाळी किसनराव काठी घेऊन निघाले. पंजाबराव आंगणात बैलाच्या दावणीशी उगाच काहीतरी करत होते. भावाच्या मागं गेले नाहीत, पण त्यांचं तोंड वाटेकडंच होतं. मनकर्णाबाईंनी चूल पेटवली, पीठ मळलं, तवा ठेवला. तवा तापून धूर निघाला तरी त्यांनी भाकर थापली नाही.

दहाला लांब सीटी आली. आंगणातला आवाज थांबला. मग एक बारकी, आणि मग दुसरी, कालच्यापेक्षा बरी.

मनकर्णाबाईंनी आधी हात जोडले, आणि मग भाकर टाकली.